‘तुम्हाला जरा जास्तच इंग्लिश वाटेल’

“तुम्हाला हा सिनेमा जरा जास्तच इंग्लिश वाटेल हं,” तिकिटाच्या टेबलामागे बसलेले आजोबा मला म्हणाले. अगदी प्रेमानं, चष्म्यावरून बघत. इथल्या माणसानं टोमणा मारलाय की आपली काळजी केलीये, हे समजायला मला अजूनही घरी पोचेपर्यंत वेळ लागतो. या वेळी खुर्चीत टेकायच्या आतच समजलं. पैसे मोजायचे आणि वर हे ऐकून घ्यायचं!

आमच्या इथे, लंडनच्या ईलिंग भागात, चर्चच्या हॉलमध्ये अधूनमधून रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवतात. घडीच्या खुर्च्या, ओढून घेतलेले जाड पडदे, मध्यंतरात चहा आणि कुणीतरी घरून करून आणलेला लिंबाचा केक. त्या दिवशी ‘द लेडीकिलर्स’ होता, १९५५ चा. आजूबाजूला सगळी सत्तरी ओलांडलेली मंडळी. पडद्यावर एकेक मुडदा मालगाडीच्या डब्यात पडत होता आणि ही मंडळी मांडीवरची बशी सावरत खिदळत होती. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसले. काही ठिकाणी तर मुद्दाम, पार मागच्या टेबलापर्यंत ऐकू जावं म्हणून.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे. सत्तर वर्षं झाली, आता काय लपवायचं?

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे, रेल्वेच्या बोगद्याच्या अगदी डोक्यावर एक वाकडंतिकडं घर आहे. महायुद्धातल्या बॉम्बफेकीत पाया खचलेला, त्यामुळे भिंतीवरची एक तसबीर सरळ राहत नाही. त्या घरात मिसेस विल्बरफोर्स नावाची विधवा म्हातारी आपल्या पोपटांबरोबर राहते. नवरा बोटीवर कप्तान. चीनच्या समुद्रात वादळात सापडून बोटीबरोबर बुडाला, पण त्याआधी पोपटांना तेवढं होडीत घालून वाचवलं. हे ती अशा अभिमानानं सांगते की नवरा गेल्याचं दुःख करावं की पोपट वाचल्याचा आनंद, ऐकणाऱ्याला उमगू नये.

तिच्या वरच्या खोल्या भाड्यानं मागायला प्रोफेसर मार्कस येतो. म्हणजे नट अॅलेक गिनेस. पुढे आलेले दात, लांबलचक मफलर, आणि हसला की आपल्याच अंगावर काटा. त्याच्यामागून चार मित्र येतात: एक मेजर, एक तुळतुळीत कपड्यांतला पोरगा, एक आडदांड मुष्टियोद्धा आणि एक थंड डोळ्यांचा गुंड. आम्ही हौशी वादक, सरावाला शांत जागा हवी, असं सांगून हे पाच जण वर बसतात. ग्रामोफोनवर बोक्केरिनी या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड लावलेली आणि आत दरोड्याची आखणी चाललेली. म्हातारीनं चहा विचारायला दार वाजवलं की रेकॉर्ड बंद, आणि सगळे धावत जाऊन आपापलं वाद्य धरून उभे. मुष्टियोद्ध्याच्या हातात चेलो. तो चेलोकडे अशा नजरेनं बघतो की हे खायचं असतं की पांघरायचं.

दरोडा पडतो. साठ हजार पौंड मिळतात. ती रोकड भरलेली ट्रंक स्टेशनवरून घरी कुणी आणायची? म्हातारीनं. तिच्यावर कोण संशय घेणार? हिशेब चोख आहे. फक्त म्हाताऱ्या कशा असतात ते हिशेबात धरलेलं नाही. ट्रंक टॅक्सीत चढवून निघते, तर छत्री राहिली म्हणून परत फिरते. पुन्हा निघते, तर रस्त्यात एक फळवाला आपल्या गाड्यावरची फळं खाणाऱ्या घोड्याला मारताना दिसतो. झालं, टॅक्सी थांबवून भांडायला उतरते. भर रस्त्यात राडा, टॅक्सीवाला आणि फळवाला हातघाईवर, लांबून बघणाऱ्या टोळीला घाम फुटलेला. आणि शेवटी ती चोरीची ट्रंक तिच्या दारात कोण आणून पोचवतं? पोलीस!

इथपर्यंत सगळं ठीक. तर मुद्दा ‘जास्तच इंग्लिश’चा.

घरी येऊन मी एकेक नाव धरून शोधत बसले. (नवरा म्हणाला, सोड ना, म्हातारा माणूस आहे. सोडते कसली!) पटकथा विल्यम रोझची. हा अमेरिकन, मिझुरीचा. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक जन्मला बोस्टनला, स्कॉटिश आईबापांच्या पोटी, आणि वाढला ग्लासगोत. ग्लासगोच्या माणसाला एकदा ‘इंग्लिश’ म्हणून बघा, मग मला सांगा. कॅमेरा ऑटो हेलरचा, तो प्रागचा. गुंडाचं काम करणारा हर्बर्ट लोम, तोही प्रागचा, १९३९ मध्ये इंग्लंडला आलेला. स्टुडिओचे सर्वेसर्वा मायकेल बाल्कन बर्मिंगहॅमचे खरे, पण आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. आणि ज्या मिन्युएटवर, म्हणजे नाचाच्या धूनवर, अख्खा सिनेमा चालतो, तो रचणारा बोक्केरिनी इटलीत जन्मला आणि हयात काढली स्पेनमध्ये. आजोबा, मग जास्तच इंग्लिश ते काय? लिंबाचा केक?

मी ईलिंगमध्ये राहते. सिनेमा जिथे बनला तो ईलिंग स्टुडिओ आमच्यापासून चालत जाण्याइतका जवळ. हिरवळीच्या कडेला एक पांढरं, सौम्य, बंगल्यासारखं घर आणि मागे शेड. १९०२ पासून त्या जागी सिनेमे बनतायत. १९५५ मध्ये, म्हणजे ‘लेडीकिलर्स’च्याच साली, बाल्कन यांना तो बीबीसीला विकावा लागला. जाताना त्यांनी तिथे एक पाटी लावली होती: पाव शतकभर इथे ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव दाखवणारे अनेक सिनेमे बनले, अशा अर्थाची. स्थलांतरितांच्या पोरानं लिहिलेलं वाक्य आहे ते. बाजारहाट करून त्या रस्त्यानं येताना मला ते हटकून आठवतं, आणि खरं सांगते, बरं वाटतं. एखाद्या देशाचा स्वभाव कसा आहे हे त्या देशात उशिरा आलेल्या माणसाला जास्त नीट दिसत असावं. ज्याला तो रोज सोसायचा असतो त्याला.

आणि तो स्वभाव सिनेमात कुठे आहे? पोशाखात नाही, धुक्यात नाही. म्हातारीच्या सौजन्यात आहे. सौजन्य हे इथे हत्यार आहे, आणि ते सगळ्यात धारदार असतं ते म्हाताऱ्या बायकांच्या हातात.

परवा २०७ नंबरच्या बसमध्ये बघितलं. सहा फुटी पोरगा, डोक्यावर हुड, समोरच्या सीटवर चिखलाचे बूट, फोनवर मोठ्यानं गाणी. बस भरलेली, पण कुणी त्याच्याकडे बघेना. एका स्टॉपला चाकांची पिशवी ओढत एक म्हातारी चढली, जेमतेम माझ्या खांद्याइतकी. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुला फार त्रास होणार नसेल तर मी तिथे बसू का? आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. पोरानं पाय खाली घेतले, बाहीनं सीट पुसली, गाणं बंद केलं आणि सॉरी म्हणाला. ती ‘किती गोड मुलगा’ म्हणून बसली. मी अवाक! आमच्या सदाशिव पेठेतल्या घरमालकीणबाईंना हेच काम करायला निदान वीस मिनिटं, दोन पिढ्यांचा उद्धार आणि अख्खा वाडा लागला असता. काम त्यांनीही केलं असतं, पण घसा बसला असता.

मात्र त्या बसमध्ये मीच उठून तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं असतं तर? पोरानं पाय खाली घेतले असते? मला नाही वाटत. उलट ‘तू कोण?’ असं बघितलं असतं, तोंडानं नाही तरी डोळ्यांनी. म्हातारीचं ते सौजन्य नुसतं सौजन्य नसतं. हे गाव माझं आहे, इथे कसं वागायचं ते मी ठरवते, असा सातबारा त्याच्यामागे असतो. तो आपल्याकडे नाही. आपण कितीही ‘प्लीज’ घातले तरी ती विनंतीच राहते.

सिनेमातलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य नेमकं यावर उभं आहे. टोळी पैसे वाद्यांच्या पेट्यांत भरून निघालेली. सुटली! पण मुष्टियोद्ध्याच्या चेलोच्या पेटीचं टोक बंद होणाऱ्या दारात अडकतं, तो जोर लावून खेचतो, पेटी उघडते आणि म्हातारीच्या पायाशी नोटांचा सडा. आता हे तिला मारतील असं आपल्याला वाटतं. तेवढ्यात बेल वाजते. तिच्या मैत्रिणी चहाला आलेल्या! टोप्या घातलेल्या, कलकलाट करणाऱ्या म्हाताऱ्यांचा घोळका आत घुसतो. वादक आहेत कळल्यावर त्यांना काय ऐकू न् काय नको होतं. आणि खुनाची तयारी असलेले ते पाच दरोडेखोर निमूटपणे कपबश्या फिरवायला लागतात. थंड डोळ्यांचा लोम, ज्याला म्हाताऱ्यांचा मनस्वी तिटकारा, तोसुद्धा भिंतीला पाठ लावून हातात बशी धरून उभा. म्हातारीनं त्यांना बजावलेलंच असतं की पाहुण्या जाईपर्यंत जरा सभ्य माणसांसारखे वागा. पिस्तूल त्यांच्याकडे आहे आणि हुकूम तिचा चालतोय. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा अगदी मनापासून, मागच्या टेबलासाठी नाही.

तिला गप्प करायला प्रोफेसर एक युक्तिवाद करतो, तोही ऐकण्यासारखा आहे. विमा कंपनीनं पैसे भरून दिले. आता ही रोकड कुणालाच परत नकोय. फार तर प्रत्येक विमेदाराच्या हप्त्यावर एक फार्दिंग चढेल, म्हणजे पाव पेनी. मग नुकसान झालं कुणाचं? आपल्याकडचे कितीतरी मोठे घोटाळे याच वाक्यावर उभे आहेत. म्हातारी थोडी गोंधळते. आणि शेवटी म्हणते की नाही, चूक ती चूकच, पोलिसांत जायचं.

मग तिला मारायचं ठरतं. कुणी मारायचं यासाठी काड्या ओढतात. आणि पाचांतल्या एकालाही ते जमत नाही. ज्याच्यावर पाळी येते तो पळायला बघतो, नाहीतर दुसऱ्याच्या हातून मरतो. एकेकाला हातगाडीवर घालून न्यायचं, बोगद्याच्या कठड्यावरून खाली जाणाऱ्या मालगाडीत टाकायचं, इंजिनाच्या धुरात सगळं नाहीसं. शेवटी उरलेल्या प्रोफेसरच्या डोक्यात खुद्द रेल्वेचा सिग्नल पडतो. या सगळ्या वेळात म्हातारी आरामखुर्चीत डुलक्या घेतेय! सकाळी पोलिसांत जाऊन सगळं खरंखरं सांगते. पण ती आधीपासून कसल्या कसल्या तक्रारी घेऊन येणारी म्हणून चौकीत प्रसिद्ध. अधिकारी मान डोलावतात आणि म्हणतात, पैसे तुम्हीच ठेवा हो. साठ हजार पौंड, १९५५ चे.

केटी जॉन्सनबद्दल इथे थांबायलाच हवं. तिचा जन्म १८७८ चा. आयुष्यभर बारीकसारीक कामं केली, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर ही भूमिका वाट्याला आली. समोर अॅलेक गिनेस, पीटर सेलर्स, हर्बर्ट लोम, सेसिल पार्कर, आणि ती सगळ्यांना खिशात घालते. अभिनय करतेय असं कुठे वाटतच नाही. नुसती हातमोजे नीट करत इकडून तिकडे जाते. उत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचं बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश फिल्म अकादमीचं पारितोषिक, मिळालं. १९५७ मध्ये गेली.

पीटर सेलर्स यात तरुण आहे, गुबगुबीत, टोळीतलं पोरगेलं ध्यान. हॉलमध्ये त्याचं नाव आल्यावर शेजारच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, हा भारतीय माणसाची काय सुंदर नक्कल करायचा! मी हसून चहाचा घोट घेतला. सौजन्य मलाही येतं आता. तोंडाला तपकिरी रंग फासून त्यानं १९६८ मध्ये ‘द पार्टी’ केला, तो बघून अजून इथे लोक आपल्यापुढे मान हलवून दाखवतात. नट मोठा, यात वाद नाही. सत्यजित राय यांनासुद्धा आपल्या एका सिनेमात तो हवा होता. पण मला तो इथेच आवडतो, या पाचांत, जिथे तो आपली नाही, स्वतःच्याच माणसांची टर उडवतोय.

आता एक धाडसाचं विधान. हा सिनेमा मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. भाडेकरूंनी सोंगं घेऊन म्हाताऱ्या घरमालकिणीला फसवायचं आणि तिच्या प्रेमळपणानंच गोत्यात यायचं, हे ‘अशी ही बनवाबनवी’वर वाढलेल्या माणसाला काय सांगता? आपल्या लीलाबाई काळभोर मिसेस विल्बरफोर्सपुढे कुठेही कमी नाहीत. फरक एवढाच की आपल्याकडे सोंग घेणारे गरजू असतात, म्हणून शेवटी त्यांना माफी मिळते आणि सगळ्यांची लग्नं लागतात. इथे एकेकाची तिरडी निघते, तीही मालगाडीतून, आणि कुणाच्या पापणीला पाणी नाही. इथल्या विनोदाला कोरडेपणा लागतो. आपल्याला तो फार वेळ सोसत नाही, मध्येच आपल्याला कुणाचातरी गळा दाटून यायला लागतो. कुठलं बरं? मला दोन्ही आवडतात, पण थकून घरी आल्यावर मी बनवाबनवीच लावते.

आणि अजून एक गोष्ट आपल्या लोकांना लगेच खटकेल: ती म्हातारी एवढ्या घरात एकटी का? मुलं नाहीत, पुतणे नाहीत, पोपट आहेत. इथे आल्यावर सुरुवातीला मीही घरी फोनवर हेच सांगायचे. बघा, यांच्याकडे म्हातारी माणसं कशी एकटी, आपल्याकडे असं नसतं. आता कमी सांगते. बाबा गेल्यापासून आई कराडला चार खोल्यांच्या घरात एकटीच आहे. पण ते वेगळं. खाली पाटीलकाकू आहेत, दूधवाला रोज हाक मारतो, आत्या दोन गल्ल्या सोडून राहते, आणि मी रोज फोन करते. शिवाय तिला इथे कायमचं राहायला ये म्हटलं तर तीच येत नाही. म्हणते, तुमच्याकडे दुपारी बोलायला माणूस नसतं. तेव्हा कुणी मला विचारायच्या आत सांगून ठेवलं.

मॅकेंड्रिकनं पुढे आपल्या या चोरांची फोड करून सांगितली होती. तोतया मेजर म्हणजे जुना लष्करी वर्ग, पोरगा म्हणजे बिघडलेली नवी पिढी, मुष्टियोद्धा म्हणजे आडमुठी जनता, आणि लोमचा गुंड म्हणजे या समाजात न मिसळलेला परका माणूस. म्हणजे अख्खं थकलेलं इंग्लंड एका खोलीत, आणि त्यांच्या उरावर व्हिक्टोरिया राणीच्या जमान्यातली म्हातारी. रेशनिंग संपून तेव्हा जेमतेम वर्ष उलटलेलं, साम्राज्य हातातून चाललेलं, घराचा पाया खचलेला, आणि तरी चहा वेळेवर. हे वाचल्यावर मी पुन्हा लोमची दृश्यं लावून बघितली. त्या घरात तो एकदाही आरामात बसलेला वाटत नाही. बाकीच्यांना म्हातारीच्या घरातल्या चालीरीती ठाऊक आहेत, ते नाटक तरी करू शकतात. त्याला तेही जमत नाही आणि करायचंही नाही. सिनेमाच्या दृष्टीनं तो खलनायक. मला मात्र चहाच्या वेळचा त्याचा तो अवघडलेला चेहरा फार ओळखीचा वाटला. ऑफिसच्या नाताळच्या पार्टीत कागदी मुकुट घालून बसलेले माझे फोटो बघा एकदा.

किंग्ज क्रॉसलाही जाऊन आले. ते घर सापडत नाही, कारण ते कधी नव्हतंच. कोपनहेगन टनेल नावाच्या बोगद्याच्या तोंडावर, फ्रेडरिका स्ट्रीटच्या टोकाला त्याचा सेट उभारला होता. स्टेशनच्या मागे आता काचेच्या इमारती, कॉफीची दुकानं, जुन्या कोळशाच्या गोदामात उंची खरेदी. धूर कुठेही नाही. नवऱ्यानं विचारलं, एवढ्या लांब काय बघायला आणलंस? मी बोगद्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, छान आहे. तो नाशिकचा आहे, त्याचं सगळं छान असतं.

बघणार असाल तर १९५५ चाच बघा. २००४ मध्ये कोएन बंधूंनी टॉम हँक्सला घेऊन पुन्हा केला आणि गोष्ट उचलून मिसिसिपीत नेली. वाईट नाही, पण तिथली म्हातारी कानफटात मारते. विल्बरफोर्सबाईंना हात उचलावा लागत नाही, हाच तर सगळा खेळ आहे.

मागच्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा तिलाही दाखवला. ती पतसंस्थेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालीये. इंग्रजी सबटायटल्स सावकाश वाचत, मध्ये मध्ये मला थांबवायला लावत तिनं पूर्ण बघितला. मुडद्यांवर हसली नाही. घोड्याच्या भांडणाला मात्र “बरं केलं” म्हणाली. आणि संपल्यावर पहिला प्रश्न, फार्दिंग म्हणजे किती? सांगितलं. मग तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, “मग ज्याचा त्याचा फार्दिंग परत करायला हवा होता, हप्त्यातून वळता करून. आणि ती बाई एवढी रक्कम घेऊन चौकीत गेली, तर त्या साहेबानं तिला साधी पोच का नाही दिली?”

मी म्हटलं, आई, त्यांना ते खरंच वाटलं नाही, हाच तर विनोद आहे.

“विनोद असू दे,” ती म्हणाली, “पण पोच द्यायला काय जातंय?”